आकड्याचं वय

माझ्या सासूबाई पाहुण्यांना सांगत, "आमची सून कंप्युटरला घड्याळ लावते." पाहुणे माझ्या मनगटाकडे बघत. सुरुवातीला मला भयंकर राग यायचा. इंजिनियरिंगची पदवी, नांदेडला दोन खोल्यांचं स्वतःचं ऑफिस, हाताखाली तीन माणसं, आणि घरात ओळख काय, तर घड्याळवाली! पंचवीस वर्षं हे काम केल्यावर मात्र कबूल करते की माझ्या धंद्याचं इतकं नेमकं वर्णन मला स्वतःला कधी जमलं नाही.

मी डेस्कटॉपचे प्रोग्रॅम लिहिते. दुकानात, दवाखान्यात, कारखान्यात टेबलावर कंप्युटर असतो ना, त्यावर उघडणारी खिडकी मी बनवते. त्या खिडकीत आकडे असतात, आणि बाहेर जग बदललं की आत ते आकडे बदलावे लागतात. ऐकायला सोपं वाटतं. मलाही वाटलं होतं.

पहिलं काम नांदेडच्या एका डोळ्यांच्या दवाखान्याचं. डॉक्टरांनी आत बटण दाबलं की बाहेरच्या पडद्यावर पुढचा टोकन नंबर दिसायचा, एवढंच. मी प्रोग्रॅमला सांगितलं, बटण दाबलं का ते सारखं बघत राहा. तो इमानदारीनं बटणाकडेच बघत राहिला आणि खिडकीकडे बघायचं विसरला. पडदा पांढराफटक, माउस हलवला तरी ढिम्म. रिसेप्शनवरच्या मावशींनी शेवटी खुर्चीवर उभं राहून नंबर ओरडायला सुरुवात केली. अर्ध्या लोकांच्या डोळ्यांत औषध घातलेलं होतं, त्यांना पडदा नीट चालला असता तरी दिसला नसता, हेही मला त्याच दिवशी कळलं.

तेव्हा मला टायमर सापडला. प्रोग्रॅम लिहायच्या साहित्यात घड्याळाचं एक बारकं चित्र असतं. ते उचलून खिडकीवर टाकायचं आणि किती वेळानं वाजायचं ते सांगायचं. प्रोग्रॅम चालू झाला की ते चित्र कुणाला दिसत नाही, पण ठरल्या वेळी ते वाजतं, प्रोग्रॅम उठतो, तेवढंच काम करतो आणि पुन्हा मोकळा होतो. मधल्या वेळात त्याला माउस, बटणं, खिडकी सगळ्यांकडे बघता येतं. दवाखान्यात अर्ध्या सेकंदाचा टायमर लावला आणि मावशी खुर्चीवरून खाली उतरल्या.

मग मी सगळीकडे टायमर लावत सुटले. लातूरच्या एका शिकवणीच्या सरांना मुलांच्या सरावासाठी परीक्षेचा प्रोग्रॅम हवा होता, कोपऱ्यात तीन तासांपासून शून्याकडे उतरणारं घड्याळ. मी दर सेकंदाला वाजणारा टायमर टाकला आणि वाजला की उरलेल्या वेळातून एक सेकंद वजा केला. पहिल्याच महिन्यात सगळ्यांचे गुण वाढले. सर खूश, मला पेढे. मग देगलूरची एक मुलगी टेबलापाशी येऊन हळूच म्हणाली, "मॅडम, तुमचा तास मोठा हाय. माझ्या घड्याळात तीन तास कवाच झाले." तिचं खरं होतं. जीवशास्त्राची मोठी आकृती उघडताना प्रोग्रॅम गुंतायचा आणि तेवढ्यात टायमरचे ठोके हरवायचे. हरवलेला प्रत्येक ठोका म्हणजे मुलांना फुकटचा सेकंद. मग मी ठोके मोजणं सोडलं. परीक्षा कधी सुरू झाली ते लक्षात ठेवायचं आणि टायमर वाजला की कंप्युटरच्या खऱ्या घड्याळाकडे बघायचं, असं केलं. सरांना सगळं सांगितलं. पेढे त्यांनी परत मागितले नाहीत.

इतकं शिकल्यावर माणसाला वाटतं, आता आपल्याला सगळं येतं. मलाही वाटत होतं, म्हणूनच उदगीरच्या हॅचरीची गोष्ट सांगायची आहे.

उदगीरहून देवणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर शिवराजअप्पांची हॅचरी आहे. हॅचरी म्हणजे कोंबडीशिवाय अंडी उबवायची जागा. कपाटाएवढ्या मशिनींमध्ये अंड्यांचे ट्रे असतात, आत हीटर आणि पंखा, आणि एकवीस दिवस साडेनव्याण्णव डिग्री गरमी. आपण ताप मोजतो ना, तीच डिग्री. तेवढी गरमी सांभाळली की एकविसाव्या दिवशी पिल्लं बाहेर येतात. अप्पांकडे अशा आठ मशिनी होत्या. अप्पा हौशी माणूस. नवीन काही दिसलं की त्यांना ते आपल्याकडे असावंसं वाटतं. त्यांनी मला बोलावलं आणि सांगितलं, "ताई, आठी मशिनींची गरमी मला हापिसात खुर्चीवर बसून दिसली पाहिजे."

मशिनींवर लक्ष ठेवायला खलीलचाचा होते. सत्तरीला टेकलेले, चाळीस वर्षं अंडी उबवत आलेले. त्यांची एक पद्धत होती. मशीनचं दार किंचित उघडायचं, एक अंडं काढायचं आणि मिटलेल्या पापणीवर टेकवायचं. पापणीची कातडी पातळ असते, तिला गरमी लगेच कळते. अंडं टेकवून ते क्षणभर थांबायचे, मान हलवायचे आणि पुढच्या मशीनकडे जायचे. मला हे बघून गंमत वाटायची. अप्पांना लाज वाटायची. माझं काम पुरं झालं तसं अप्पांनी मशिनींमधली जुनी काचेची थर्मामीटरं काढून ठेवली आणि चाचांना ताकीद दिली, "चाचा, आता दार उघडायचं न्हाई. गरमी जाती. ताईंचा कंप्युटर हाय ना बघायला."

त्या थंडीत सहा नंबरच्या मशीनमध्ये वेगळी अंडी होती. देवणी तालुक्यातल्या एका गावातल्या बचत गटाच्या बायकांनी ती आणलेली. गटाच्या प्रमुख महानंदाबाई, अंगणवाडीत काम करणाऱ्या. आदल्या वर्षी त्यांनी बाहेरून पिल्लं आणली होती, ती गावात टिकली नाहीत, आठ दिवसांत मेली. बायका त्यांच्यावर नाराज होत्या. या वेळी महानंदाबाईंनी ठरवलं, आपल्याच गावरान कोंबड्यांची अंडी, आपलीच पिल्लं. आठवडाभर घरोघर फिरून, ज्वारीच्या टोपल्यांत घालून त्यांनी अंडी गोळा केली आणि अप्पांकडे पोहोचवली. बायकांनी अंगणात खुराडी बांधून ठेवली होती. "ह्या बारीला न्हाई झालं तर गट मोडला म्हणून समजा," हे त्यांनी मलाच सांगितलं होतं, पहिल्या भेटीत, चहा पिताना.

आता माझी करामत ऐका. प्रत्येक मशीनमध्ये गरमी मोजणारा एक सेन्सर बसवला आणि त्याची तार हापिसातल्या कंप्युटरपर्यंत आणली. दर सेकंदाला टायमर वाजायचा, आठही मशिनींना विचारायचा, किती गरमी? आलेले आकडे आठ हिरव्या चौकटींत लिहायचा. कोपऱ्यात सेकंदांसकट घड्याळ, तेही त्याच टायमरवर. दिसायला फार देखणं. एकच कटकट होती. पंख्याची मोटर सुरू होताना तारेत गडबड व्हायची आणि एखाद्या वेळी सेन्सरचं उत्तर यायचं नाही. तेव्हा चौकट क्षणभर रिकामी दिसायची. अप्पा लगेच नांदेडला फोन करायचे. "ताई, तीन नंबर गेली!" पाहावं तर दुसऱ्या सेकंदाला आकडा परत आलेला. दिवसातून चार-पाच फोन. पाहुण्यांसमोर चौकट रिकामी झाली की अप्पांचा जीव खालीवर.

वैतागून मी प्रोग्रॅममध्ये एक ओळ लिहिली. उत्तर आलं नाही, तर जुना आकडा तसाच राहू दे. फोन बंद झाले. अप्पा म्हणाले, "आता कसं, एकदम झकास!" मीही खूश. ग्राहक समाधानी असला की आम्ही आत डोकावून बघत नाही, हा आमच्या धंद्यातला जुना रोग आहे.

अंड्यांचा पंधरावा दिवस होता. मी अप्पांच्या मुनिमाला प्रोग्रॅम शिकवायला मुखेडमार्गे बसनं उदगीरला आले होते. सकाळी अकराच्या सुमारास महानंदाबाई गटातल्या चार बायकांना घेऊन आल्या. आपली अंडी कुठे आहेत ते बायकांना बघायचं होतं. अप्पांनी त्यांना हापिसात स्क्रीनसमोर उभं केलं.

"हे बगा, आठ मशिनी, आठ आकडे. हिरवं म्हंजे सगळं ठीक."

"आमची कंची?" महानंदाबाईंनी विचारलं.

"सहा नंबर. साडेनव्याण्णव. बगा कसा हाय आकडा, जागचा हलत न्हाई!"

तेवढ्यात खलीलचाचा दारात आले. हातात अंडं. बायकांना बघून ते जरा थांबले, मग अप्पांना म्हणाले, "अप्पा, छे नंबर ठंडा है."

अप्पांचा चेहरा पडला. "चाचा, दार उघडू नका म्हणलं होतं ना मी? पाहुणे हायत इथं. कंप्युटर बगा, साडेनव्याण्णव हाय."

"कंप्युटर मेरेकू नक्को. अंडा देखो," चाचा म्हणाले आणि त्यांनी ते अंडं माझ्यापुढे धरलं. "बाई, तुम्हीच लावून बघा डोळ्याला."

मी अंडं घेतलं नाही. उलट हसून म्हणाले, "चाचा, आमचा सेन्सर तुमच्या डोळ्यापेक्षा बारीक मोजतो." पाच बायका, अप्पा, मुनीम, सगळ्यांदेखत म्हणाले. ते वाक्य आठवलं की आजही कान तापतात.

चाचा हटले नाहीत. हात पुढे करून तसेच उभे राहिले. त्यांचं समाधान करावं म्हणून मी स्क्रीनकडे वळले, बोटानं सहावी चौकट दाखवायला. आणि माझं बोट तिथंच राहिलं. बाकीचे सात आकडे सारखे बदलत होते. साडेनव्याण्णववरून एका दशांशानं खाली, पुन्हा वर, पुन्हा खाली. हीटर लागतो, बंद होतो, गरमी जराजरा हलते, ते तसंच असायला हवं. सहाव्याचा आकडा मात्र दगडासारखा. अप्पा ज्याचं कौतुक करत होते तेच त्याचं दुखणं होतं. तो आकडा केव्हाचा होता कोण जाणे. बाजूला माझं घड्याळ टिकटिक पुढे जात होतं, त्यामुळे सगळंच जिवंत वाटत होतं.

"दार उघडा," मी ओरडले आणि धावले.

चाचांनी खिशातून ताप मोजायची काचेची कांडी काढली आणि अंड्यांमध्ये ठेवली. आम्ही सगळे मशीनभोवती. दोन मिनिटांनी त्यांनी ती उजेडात धरली. पारा तळाशी होता तिथंच. ती कांडी चौऱ्याण्णवच्या खालचं मोजतच नाही. मी एका अंड्याला हात लावला. गार होतं.

कारण लगेच सापडलं. हीटर आणि माझा सेन्सर दोघांनाही वीज एकाच डबीतून जात होती आणि त्या डबीचा फ्यूज उडाला होता. पंखा वेगळ्या लायनीवर, तो मजेत फिरत होता आणि थंडीतली हवा अंड्यांवर मारत होता. चाचांनी नवा फ्यूज घातला, दार लावलं. हीटरचा दिवा लागला. आता प्रश्न एकच होता. अंडी किती वेळ गार होती? तासभर असेल तर काही बिघडत नाही. रात्रभर असेल तर संपलंच. सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि मला ते सांगता येत नव्हतं. उत्तर आलं नाही याची नोंदसुद्धा माझा प्रोग्रॅम ठेवत नव्हता.

"पहाटे फजरच्या नमाजानंतर बघितलं होतं मी," चाचा म्हणाले. "तब गरम था. पाच घंटे से जास्ती नहीं."

अप्पा म्हणाले, "म्हंजे तुम्ही रोज दार उघडून राहिले? मी नको म्हणलं होतं ना?"

"हौ. तुम बोले थे," चाचा शांतपणे म्हणाले.

महानंदाबाई मशीनपाशी पुढे सरकल्या. आता त्यांनी विचारलं, "अंडी गेली का?"

चाचा म्हणाले, "आत्ता कुणाला सांगता येत नाही, बाई. धीर धरा."

"पर मग कंप्युटरनं सांगितलं कामून न्हाई?"

अप्पांनी फ्यूज, तार, वीज असं काहीतरी सुरू केलं. मी त्यांना थांबवलं. "कंप्युटरचा दोष नाही, बाई. उत्तर आलं नाही तर जुनाच आकडा दाखव, असं मीच त्याला लिहून दिलं होतं."

महानंदाबाईंनी ते आपल्या अंगणवाडीवर ताडून पाहिलं. "म्हंजे पोरगं आलंच न्हाई तरी हजेरी मांडायची?"

"हो."

"आमच्याकडं असं केलं तर नोकरी जाती," त्या म्हणाल्या आणि बायकांना घेऊन बाहेर पायरीवर जाऊन बसल्या. पंचवीस वर्षांत माझ्या प्रोग्रॅमची इतकी अचूक तपासणी दुसऱ्या कुणी केलेली नाही.

मी चाचांची माफी मागितली. मग हापिसात बसले आणि प्रोग्रॅम उघडला. आतून रडू येत होतं, आणि रागही. स्वतःचाच. अप्पा दोनदा दारापर्यंत येऊन गेले. तिसऱ्यांदा म्हणाले, "तुमच्या आकड्यावर इश्वास ठेवला मी, ताई." मी म्हणाले, "ठेवायला नको होता. संध्याकाळपर्यंत ठेवता येईल असा करते."

काय केलं ते सांगते. खाणावळीत स्वयंपाक करणारा वेगळा आणि वाढणारा वेगळा असतो. माझा टायमर दोन्ही करत होता, आणि भाजी झाली नसली की गुपचूप सकाळचीच वाढत होता. मी दोन्ही कामं वेगळी केली. मशिनींना विचारण्याचं काम मागे एका स्वतंत्र भागाकडे दिलं. एखाद्या मशीननं उत्तर द्यायला वेळ लावला तरी खिडकी अडायला नको. उत्तर आलं की त्यावर वेळेचा शिक्का. टायमरकडे एकच काम ठेवलं. दर सेकंदाला शिक्का बघायचा, तो किती जुना झाला ते काढायचं आणि आकड्याखाली लिहायचं. "२ सेकंदांपूर्वी." दहा सेकंदांहून जुना झाला की आकडा करडा. अर्धा मिनिट झालं की आकडा पुसून टाकायचा, चौकट लाल करायची आणि भोंगा वाजवायचा. कोपऱ्यातलं देखणं घड्याळ काढून टाकलं. सेन्सरच्या डबीतून हीटर चालू आहे की बंद हे सांगणारी एक तार आधीपासूनच येत होती. मी ती कधी वापरलीच नव्हती. त्यासाठी प्रत्येक चौकटीत एक केशरी ठिपका ठेवला.

पहिल्या प्रयत्नात प्रोग्रॅम कोसळला. मागच्या भागानं आकडा थेट खिडकीवर लिहायचा प्रयत्न केला होता, आणि आमच्याकडे नियम आहे, खिडकी ज्यानं उघडली त्यानंच तिला हात लावायचा. घाईत मी नवशिक्यासारखी चूक केली. ती निस्तरली. चार वाजता चाचांना हाक मारली, "चाचा, कोणत्याही मशीनची माझी तार ओढा. मला सांगू नका कोणती."

ते आत गेले. दहा सेकंदांनी चौथा आकडा करडा पडला. अर्ध्या मिनिटानं लाल चौकट आणि असा भोंगा वाजला की अंगणातला कुत्रा भुंकायला लागला. चाचांना हा खेळ फार आवडला. मी "पुरे" म्हटल्यावरही त्यांनी आणखी तीन तारा ओढून पाहिल्या. मग पहिल्यांदाच हापिसात येऊन ते स्क्रीनसमोर उभे राहिले. आकड्याखालच्या ओळीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "ये क्या लिखा है?"

"आकड्याचं वय लिहिलंय, चाचा. किती सेकंदांपूर्वीचा आहे ते."

"ये ठीक है," ते म्हणाले. "सब की उमर होती."

अप्पांनी त्याच दिवशी काचेची थर्मामीटरं परत आत लावली. महानंदाबाई निघायच्या तयारीत होत्या. अप्पांनी त्यांना भरपाई म्हणून दुसऱ्या मशीनमधली आपल्या फार्मची पिल्लं द्यायची तयारी दाखवली होती. त्या म्हणाल्या, "आधी आमची बगू."

अठराव्या दिवशी अंडी खालच्या ट्रेमध्ये आडवी ठेवतात आणि मशीनचं दार बंद होतं ते पिल्लं बाहेर येईपर्यंत. मध्ये उघडायचं नाही, आतली ओल जाते आणि कवच फोडताना पिल्लू अडकतं. म्हणजे ते दिवस कुणालाच काही कळत नाही, पापणीलाही नाही. नांदेडला माझं कशात लक्ष लागेना. विसाव्या दिवशी दुपारी मी उदगीरला गेले. कुणी बोलावलं नव्हतं.

हापिसात अप्पा बिदरच्या कुणाशी फोनवर कन्नडमधून बोलत होते. मी स्क्रीनसमोर बसले. सहा नंबर, नव्याण्णव पूर्णांक सहा. एका सेकंदापूर्वीचा. बरं वाटलं. मग नव्याण्णव पूर्णांक सात. मग आठ. मी केशरी ठिपका पाहिला. हीटर बंद. आकडा आणखी चढला, शंभराच्या जवळ. हीटर बंदच. हीटर बंद असताना गरमी वाढेलच कशी? पुन्हा माझाच प्रोग्रॅम. पुन्हा कुठेतरी खोटा आकडा. शिक्का तपासला, ताजा. सेन्सर तपासला, ठीक. मी आत धावले, "चाचा, सहा नंबर चुकीचं दाखवतोय! हीटर बंद आहे आणि आकडा चढतोय!"

चाचा पाण्याची बादली घेऊन चालले होते. ते जागीच थांबले. बादली खाली ठेवली. "हीटर बंद है? पक्का?"

"पक्का. पण माझा विश्वास नाही त्याच्यावर."

"माझा हाय," खलीलचाचा म्हणाले. मला हाताला धरून ते मशीनपाशी घेऊन गेले. "बाई, मेलेलं अंडं गरमी घेतं. जिंदा बच्चा गरमी देतो. निकलने का वख्त आया की सगळे मिळून मशीन गरम करतात. तुमचा आकडा खरं बोलून राहिला." आणि त्यांनी दाराला कान लावला. मीही लावला. पंख्याच्या घरघरीत आधी काही कळेना. मग ऐकू आलं. अगदी बारीक, आतून, एक. मग दुसरं. मग किती ते मोजता येईना.

मी त्या पत्र्याच्या दाराला टेकून रडले. अप्पा फोन हातात घेऊन धावत आले आणि घाबरून विचारायला लागले, "गेली का? गेली का?" चाचांनी त्यांचं डोकं धरून दाराला लावलं.

दुसऱ्या दिवशी पिल्लं काढली. सकाळी निघायची ती संध्याकाळी निघाली, अर्धा दिवस उशीर. थोडी अंडी फुटली नाहीत, ते खोटं कशाला सांगू, पण ट्रे भरून पिल्लं होती. काळी, तांबडी, ठिपक्यांची, एकासारखं एक नाही. महानंदाबाई सगळ्या बायकांना टेम्पोत घालून आल्या होत्या. अप्पांनी त्यांची पिल्लं खोक्यांत भरली आणि शेजारी आणखी चार खोके आणून ठेवले, आपल्या फार्मच्या पिल्लांचे.

"बाई, तुमची पिल्लं थंडीत सापडलेली हायत," अप्पा म्हणाले. "काही कमजोर निघतील. हे चार खोके माझ्याकडून. तुमच्यातले चार इथं ठेवा, मी सांभाळतो."

महानंदाबाईंनी त्या चार खोक्यांकडे पाहिलं. एकसारखी पिवळी, गुबगुबीत पिल्लं होती. मग त्या आपल्या खोक्यांकडे वळल्या.

"कमजोर कामून म्हणता, अप्पा?" त्या म्हणाल्या. "पाच घंटे थंडीत पडली, तरी आली न्हवं बाहीर? आमच्या गावात टिकतेल ती हीच." आणि त्यांनी सहा नंबरचा एकेक खोका उचलला, कानाला लावून ऐकला, हसल्या, आणि टेम्पोत चढवायला मागच्या बाईच्या हातात दिला.